कोरियन वैद्यकातील पक्षाघात-चिकित्सा

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्याने शरीराच्या एका बाजूची हालचाल, वाचा, गिळण्याची क्रिया इत्यादींत अकस्मात जो बिघाड होतो, त्यास पक्षाघात किंवा अर्धांगवायू म्हणतात. कोरियन पारंपरिक वैद्यकात या विकारास ‘जुंगपुंग’ ही संज्ञा असून तिचा शब्दशः अर्थ ‘वाऱ्याचा आघात’ असा होतो. रोग्यास कोणी अदृश्य बाण मारावा तसा वारा शरीरात शिरतो व मनुष्य कोसळतो, ही कल्पना चीनमधून कोरियात गेली आणि तेथील वैद्यांनी ती आपल्या अनुभवाने विस्तारली. मराठी वाचकास ही कल्पना परकी वाटू नये. ‘अर्धांगवायू’ या शब्दातच वायू आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पक्षवधाचा विचार वातव्याधीच्या अध्यायात केलेला आहे आणि तोंड वाकडे होण्याच्या ज्या विकारास आयुर्वेद अर्दित म्हणतो, त्याचा निर्देश कोरियन ग्रंथांतही वाताच्या प्रकरणातच येतो. मात्र हे साम्य म्हणजे उगमाचा पुरावा नव्हे. क्षणार्धात येणारा, दिसत नसलेला आणि अंग लुळे करून जाणारा विकार वाऱ्यासारखा वाटणे हे दोन संस्कृतींत स्वतंत्रपणे घडू शकते.

संकल्पना : प्राचीन चिनी ग्रंथांत हा वारा बाहेरून येणारा मानला असून दुर्बल झालेल्या शरीरात तो रंध्रांवाटे शिरतो, असे म्हटले आहे. बाराव्या ते चौदाव्या शतकांत चिनी वैद्यकात या मतास हादरे बसले. लिऊ वान्सू याने रोगाचे मूळ शरीरातील अग्नीच्या प्रकोपात, ली गाओ (११८०–१२५१) याने प्राणशक्तीच्या (कोरियन ‘गी’) क्षीणतेत, तर जू झेनहेंग (१२८१–१३५८) याने आर्द्रता व कफ यांच्या संचयात शोधले. यामुळे बाहेरच्या वाऱ्याने होणारा खरा वाताघात आणि अंतर्गत बिघाडाने होणारा वाताघातसदृश विकार असा भेद पुढे मानला जाऊ लागला. कोरियन वैद्यांनी या तीनही मतांपैकी कोणत्याही एकाचा पक्ष घेतला नाही. रोगी स्थूल आहे की कृश, त्याच्या घशात कफ घुरघुरतो की नाही, चेहरा लाल आहे की फिकट, हे पाहून त्यांनी औषध ठरविले. या वैद्यकात मेंदूस ‘मज्जेचा सागर’ म्हटले असले, तरी पक्षाघाताचा संबंध त्याच्याशी जोडलेला नाही. हृदय, यकृत, प्लीहा, फुप्फुसे व वृक्क या पाच इंद्रियांच्या परस्परसंबंधांतूनच त्याचे स्पष्टीकरण दिले जाई.

राजदरबारातील नोंदी : जोसॉन राजवंशाचा (१३९२–१९१०) संस्थापक यी सॉङ्ग्ये ऊर्फ तेजो (१३३५–१४०८) याचा शेवट हा या विषयाच्या इतिहासातील एक लक्षणीय प्रसंग होय. १३९८ मध्ये सिंहासन सोडलेल्या या वृद्ध राजास १४०८ च्या आरंभी एकाएकी ‘वाताचा रोग’ जडला, अशी नोंद राजवंशाच्या बखरीत आहे. त्याच वर्षाच्या पाचव्या चांद्रमासात एका पहाटे त्याच्या घशात कफ दाटला. त्याला उठवून बसविण्यात आले व सोहाप्ह्यांगवॉन नावाची सुगंधी गोळी देण्यात आली. प्रकृती ढासळल्याचे कळताच राज्यावर असलेला त्याचा मुलगा तेजोंग पायीच धावत आला व त्याने चॉङ्सिमवॉन ही गोळी पुढे केली. पण पित्यास ती गिळता आली नाही. त्याने दोनदा डोळे वर करून पाहिले व प्राण सोडला. बखरकाराने हा प्रसंग पुत्रधर्माचे उदाहरण म्हणून नोंदविला असावा. तथापि आजच्या वैद्यास त्यात गिळण्याच्या क्रियेचा लोप स्पष्ट दिसतो. अशा रोग्याच्या तोंडात गोळी घातल्यास ती श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. हीच गोळी पुढे पाच शतकांहून अधिक काळ कोरियन घरांतून पक्षाघाताचा पहिला उपाय म्हणून जपून ठेवली गेली.

वाताच्या रोगांसाठी उष्ण झऱ्यांत स्नान करण्याची प्रथा राजघराण्यात रूढ होती. सेजोंग राजा (कार. १४१८–५०) १४३३ मध्ये ओन्यांग येथील झऱ्यांवर गेला होता. सामान्य लोकांसाठी ‘हान्जुंगसो’ ही घाम काढण्याची गृहे होती. तेथे गेलेले काही रोगी दगावतात असे लक्षात आल्यावर सेजोंगने १४२२ मध्ये चौकशीचा हुकूम दिला व ही गृहे निरुपयोगी ठरली तर ती बंद करावीत, असे सांगितले. एखाद्या रूढ उपचाराने रोगी बरे होतात की मरतात हे राज्यसंस्थेने विचारावे, हे त्या काळाच्या मानाने उल्लेखनीय म्हटले पाहिजे.

ग्रंथपरंपरा : गोरियो राजवटीत (९१८–१३९२) औषधे बहुतांशी चीनमधून येत. मंगोल आक्रमणांच्या काळात, तेराव्या शतकात, राजदरबार गांग्ह्वा बेटावर असताना देशी औषधींवर आधारलेला ह्यांग्याक गुगुप्बांग हा आकस्मिक उपचारांचा ग्रंथ तयार झाला. उपलब्ध कोरियन वैद्यक ग्रंथांत हा सर्वांत जुना होय. ‘ह्यांग्याक’ म्हणजे देशी औषध. आयात तुटली असता रानातील व परसातील वनस्पतींवर भागविणे हा त्यामागील हेतू होता. सेजोंगच्या कारकीर्दीत १४३३ मध्ये ८५ खंडांचा ह्यांग्याक जिप्सॉङ्बांग व १४४५ मध्ये उईबांग युच्वी हा चिनी-कोरियन वैद्यकाचा प्रचंड कोश संकलित झाला. या सर्वांत वाताच्या प्रकरणास मोठे स्थान आहे.

या परंपरेचा कळस म्हणजे दोंगुई बोगाम (‘पूर्वेकडील वैद्यकाचा मौल्यवान आरसा’) हा ग्रंथ. त्याचा कर्ता हॉ जुन (१५३९–१६१५) हा रक्षेपासून झालेला पुत्र. तत्कालीन समाजात अशा मुलांना उच्च राजसेवेची दारे बंद असत. मात्र वैद्यकाचे दार उघडे होते. सॉन्जो राजाने १५९६ मध्ये, जपानी आक्रमणाने देश उद्ध्वस्त झाला असताना, त्याला व इतर काही वैद्यांना हे काम सांगितले. पुढच्याच वर्षी पुन्हा युद्ध पेटले, मंडळ विखुरले आणि काम एकट्या हॉ जुनवर येऊन पडले. १६०८ मध्ये राजा मरण पावला. तेव्हा राजवैद्य या नात्याने त्याचा दोष हॉ जुनवर येऊन त्यास हद्दपार व्हावे लागले. याही स्थितीत त्याने लेखन चालू ठेवून १६१० मध्ये ग्रंथ पुरा केला व तो १६१३ मध्ये छापला गेला. २५ खंडांच्या या ग्रंथात शरीरांतर्गत भाग, बाह्य भाग, संकीर्ण रोग, औषधे आणि सूचिचिकित्सा व दाहकर्म असे पाच विभाग आहेत. देशी वनस्पतींची नावे चिनी लिपीबरोबर कोरियन लिपीतही दिली असल्याने गावातील माणसालाही त्या ओळखता येत. २००९ मध्ये यूनेस्कोने या ग्रंथाचा जागतिक स्मृतिसूचीत समावेश केला.

पक्षाघाताचे विवेचन संकीर्ण रोगांच्या विभागात ‘वात’ या शीर्षकाखाली येते. त्यातील बराचसा मजकूर आधीच्या चिनी ग्रंथांतून घेतलेला असून हॉ जुन प्रत्येक उताऱ्यापाशी मूळ ग्रंथाचा निर्देश करतो. अंगठा व तर्जनी बधिर होऊ लागली किंवा चालेनाशी झाली, तर तीन वर्षांच्या आत वाताघात होणार असे समजावे व आधीच उपाय करावा, असे त्यात म्हटले आहे. हाताच्या बधिरतेस कारणे पुष्कळ असतात. म्हणून हा नियम जसाच्या तसा मानता येणार नाही. परंतु मोठ्या आघातापूर्वी लहान इशारे मिळतात, हे निरीक्षण खरे आहे. स्थूल माणसांना हा रोग अधिक होतो, हेही ग्रंथात नोंदविले आहे. रोगी बेशुद्ध असता तोंड उघडे राहणे, हात सैल सुटणे, डोळे मिटलेले असणे, नकळत मूत्र होणे आणि घोरल्यासारखा श्वास लागणे ही पाच चिन्हे अनुक्रमे हृदय, प्लीहा, यकृत, वृक्क व फुप्फुसे यांच्या अंताची मानली आहेत. इंद्रियांची सांगड बाजूस ठेवली, तरी खोल मूर्च्छेचे हे वर्णन अचूक आहे. असाध्य रोगी कोणता हे सांगणे हा त्या काळच्या वैद्याच्या प्रतिष्ठेचा व सुरक्षिततेचाही प्रश्न असे. हॉ जुनला तर ते स्वानुभवाने ठाऊक होते.

उपचारांत प्रथम ‘गी’चा प्रवाह सुरळीत करावा, मग कफ हटवावा व नंतर झिजलेल्या शरीराचे पोषण करावे, असा क्रम आढळतो. डाव्या अंगाच्या लुळेपणात रक्ताची आणि उजव्या अंगाच्या लुळेपणात ‘गी’ची उणीव मानून औषधे वेगवेगळी दिली जात. दवण्याच्या वंशातील एका वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचा लवदार चुरा त्वचेवर ठेवून तो पेटविणे या दाहकर्मासाठी डोक्याचा माथा, कानाजवळील केसांची कड, खांदा, कोपर, मांडी, गुडघ्याखालचा भाग व घोट्याच्या वरचा भाग येथील सात बिंदू सांगितले आहेत. विकार डाव्या अंगी असल्यास उजवीकडे व उजव्या अंगी असल्यास डावीकडे डाग द्यावा, असाही संकेत आहे. मेंदूची उजवी बाजू शरीराच्या डाव्या अंगाचे नियंत्रण करते, हे ज्ञान यामागे होते असे काही उत्साही लेखक सुचवितात. त्यास आधार नाही. दोन्ही अंगांतील वाहिन्यांचा तोल साधणे एवढाच त्याचा अर्थ होता. मर्दन व नियंत्रित हालचाली यांचा ‘दोइन’ नावाचा प्रकारही ग्रंथात ठिकठिकाणी येतो. आज ज्यास पुनर्वसन म्हणतात त्याच्याशी जुन्या ग्रंथांतील सर्वांत जवळचे नाते या भागाचे आहे. दुर्दैवाने त्याचा विस्तार औषधांच्या मानाने फार थोडा आहे.

चॉङ्सिमवॉन : गोरोचन हे मुख्य द्रव्य असलेली ही गोळी मुळात चीनमधील सुंग काळातील औषधसंग्रहातली. तिच्या पाठात गोरोचनाबरोबर कस्तुरी, कापूर, जिनसेंग, गेंड्याचे व हरणाचे शिंग, हिंगूळ, मनशीळ असे सु. तीस घटक असून वर सोन्याचा वर्ख चढवीत. कोरियात तयार होणारी गोळी इतकी नावाजली की, चिनी लोकच ती मागू लागले. १७८० मध्ये राजदूतमंडळाबरोबर चीनला गेलेला पार्क जिवॉन (१७३७–१८०५) याच्या योल्हा इल्गी या प्रवासवृत्तात वाटेत भेटणारे चिनी लोक ही गोळी मागत असल्याचे उल्लेख वारंवार येतात. विसाव्या शतकात ती कारखान्यांत तयार होऊ लागली व द्रवरूपातही मिळू लागली. पाऱ्याचे संयुग असलेला हिंगूळ व सोमल असलेली मनशीळ पुढे पाठातून वगळण्यात आली, तर वन्य प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे गेंड्याचे शिंग गेले व कस्तुरीस पर्याय शोधावे लागले. नाव तेच राहिले असले, तरी आजची गोळी हॉ जुनच्या पाठाप्रमाणे नाही.

उत्तरकालीन संप्रदाय : सतराव्या शतकाच्या सुमारास साआम नावाच्या एका बौद्ध भिक्षूच्या नावावर असलेली सूचिचिकित्सेची पद्धती कोरियात उदयास आली. कोपर व गुडघा यांच्या खालच्या मोजक्या बिंदूंवर, पंचतत्त्वांच्या पोष्य-पोषक संबंधांनुसार, थोड्या सुया टोचणे हे तिचे वैशिष्ट्य होय. यी जेमा (१८३७–१९००) याने दोंगुई सुसे बोवॉन (१८९४) या ग्रंथात मनुष्यांचे तेयांग, सोयांग, तेउम व सोउम असे चार प्रकृतिभेद मांडून रोगापेक्षा रोग्याच्या प्रकृतीवर औषध ठरवावे, असे प्रतिपादिले. आयुर्वेदातील प्रकृतिविचाराची आठवण येथे होते. पण यी जेमाचा पाया त्रिदोषांचा नसून कन्फ्यूशसच्या परंपरेतील भावविचाराचा आहे. धिप्पाड बांध्याच्या तेउम प्रकृतीस पक्षाघाताचा धोका अधिक, असे या संप्रदायाचे वैद्य मानतात. याखेरीज चिनी वैद्य वांग चिंगरन याचा १८३० मधील एक काढाही कोरियात पुढे सर्वत्र रूढ झाला. त्यात ‘ह्वांगी’ या मुळीचे प्रमाण इतर सर्व द्रव्यांपेक्षा कितीतरी अधिक असते. आघातानंतर लुळेपणा उरलेल्या रोग्यांना तो आजही दिला जातो.

विसाव्या शतकातील स्थित्यंतर : १८८५ मध्ये सोल येथे पाश्चात्त्य पद्धतीचे पहिले राजकीय रुग्णालय निघाले. १९०० च्या वैद्यकविषयक नियमांत जुने व नवे वैद्य एकाच नावाखाली येत होते. जपानी सत्तेने १९१३ मध्ये नवे नियम करून पारंपरिक वैद्यांना ‘उईसेंग’ असा दुय्यम दर्जा दिला. ‘उईसा’ म्हणजे वैद्य ही पदवी पाश्चात्त्य विद्येच्या पदवीधरांपुरती राहिली. एका अक्षराच्या या फरकाचा डंख कोरियन वैद्यांच्या लेखनात दीर्घकाळ जाणवतो. स्वातंत्र्यानंतर, कोरियन युद्ध चालू असताना, बुसान या तात्पुरत्या राजधानीत १९५१ मध्ये संमत झालेल्या कायद्याने पाश्चात्त्य व पारंपरिक अशा दोन्ही वैद्यांना स्वतंत्र परवाने दिले. दक्षिण कोरियातील द्विविध वैद्यकव्यवस्थेचा हा आरंभ होय. सोलमधील पारंपरिक वैद्यकाचे महाविद्यालय १९६५ मध्ये क्युंग ही विद्यापीठात विलीन झाले. १९७१ मध्ये त्या विद्यापीठाने पाश्चात्त्य, दंत व पारंपरिक रुग्णालये एकाच आवारात उघडली. १९८६ मध्ये या शास्त्राच्या नावातील चीनदर्शक ‘हान’ या अक्षराच्या जागी त्याच उच्चाराचे कोरियादर्शक अक्षर आले. १९८७ पासून सूचिचिकित्सा, दाहकर्म, तुंबडी व काही औषधे राष्ट्रीय आरोग्य विम्याखाली आली.

पक्षाघात हा या नव्या रुग्णालयांचा मोठा आधार ठरला. पाश्चात्त्य रुग्णालयात जिवावरचे संकट टळल्यावर लुळे अंग, अडखळती वाचा व वाकडे तोंड घेऊन घरी आलेल्या रोग्यास तेथे फारसे काही मिळत नसे. पुनर्वसनशास्त्र स्वतःच नवे होते. कुटुंबीय अशा रोग्यास ‘हानुइसा’कडे म्हणजे पारंपरिक वैद्याकडे नेत. तेथे त्याला रोजच्या सुया, सुयांमधून सौम्य विद्युत्‌प्रवाह, दाहकर्म, काढे आणि दीर्घकाळ चालणारी देखरेख लाभे. या देखरेखीचे मोल कमी लेखू नये. रोज कोणीतरी हाताला धरून तपासते, ही गोष्ट खचलेल्या रोग्याच्या दृष्टीने मोठी असते. पुढील काळात पाश्चात्त्य पुनर्वसन विभाग वाढले, तशी पारंपरिक रुग्णालयांतील पक्षाघाताच्या रोग्यांची जागा पाठ व सांधे यांच्या दुखण्यांनी मोठ्या प्रमाणावर घेतली.

परिणामकारकता : सूचिचिकित्सेच्या परीक्षणातील मुख्य अडचण तुलनेची आहे. काढ्याऐवजी रंगीत पाणी देता येते. पण सुईऐवजी काय द्यावे? इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या एका कोरियन वैद्याने त्वचेत न शिरता आत सरकणारी खोटी सुई तयार केली व तिची पारख पक्षाघाताच्या रोग्यांवरच केली. तिच्या साहाय्याने झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या व खोट्या सुयांच्या गटांत दैनंदिन कामे करण्याच्या क्षमतेबाबत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. २०१० मध्ये प्रामुख्याने कोरियन संशोधकांनी केलेल्या समीक्षेत खोट्या सुयांशी तुलना करणाऱ्या १० चाचण्यांचा आढावा घेतला असून तिचाही निष्कर्ष प्रतिकूलच आहे. २०१६ च्या कॉक्रेन समीक्षेत ३१ चाचण्या व २,२५७ रोगी होते. परावलंबन, गिळणे इत्यादींत काही लाभ संभवतो. परंतु चाचण्यांचा दर्जा पाहता त्यावर विसंबता येत नाही, असे तीत म्हटले आहे. काढ्यांविषयीचा पुरावा याहून विस्कळित आहे. कोरियन वैद्यांचा प्रतिवाद असा की, रोग्यागणिक बदलणारी चिकित्सा एकाच साच्याच्या चाचणीत मोजता येत नाही. हा प्रतिवाद अगदीच निराधार नाही. पण तो मान्य केला तर कोणतीच चिकित्सा कधी चुकीची ठरणार नाही.

वाद : खरा पेच पुनर्वसनाचा नसून पहिल्या काही तासांचा आहे. गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे दिसल्यापासून तीन तासांत दिल्यास लाभ होतो, असे १९९५ मध्ये सिद्ध झाले. २००८ मध्ये ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली व २०१५ मध्ये मोठ्या रोहिणीतील गुठळी नळीने काढण्याची पद्धती मान्य झाली. यांपैकी काहीही करण्यापूर्वी मेंदूत रक्तस्राव आहे की गुठळी, हे संगणकीय छेदचित्रणाने ठरवावे लागते. कारण रक्तस्रावात हेच औषध प्राणघातक ठरते. नाडी व जीभ पाहून हा भेद करता येत नाही. घरी बोटांची अग्रे टोचून रक्त काढणे व चॉङ्सिमवॉन भरविणे या रूढ उपायांत हीच मोलाची वेळ जाते, अशी कोरियन चेताविकारतज्ञांची जुनी तक्रार आहे.

पारंपरिक रुग्णालयांनी छेदचित्रण यंत्रे वापरावीत काय, हा प्रश्न न्यायालयात गेला. सोलच्या प्रशासकीय न्यायालयाने २००४ मध्ये अशा एका रुग्णालयाच्या बाजूने निर्णय दिला. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने तो फिरविला. भौतिकोपचारज्ञांनी पाश्चात्त्य वैद्य वा दंतवैद्य यांच्याच निर्देशाखाली काम करावे, हा कायद्यातील दंडकही पारंपरिक वैद्यांना जाचक वाटतो. कारण सुयांनी मोकळे झालेले अंग वळविण्यासाठी त्यांना त्यांचीच गरज असते. २०१० पासून एका प्रकारच्या रुग्णालयास दुसऱ्या प्रकारचे वैद्य नेमण्याची मुभा मिळाली. अनेक ठिकाणी तीव्र अवस्था संपलेला रोगी सकाळी भौतिकोपचार व दुपारी सूचिचिकित्सा घेतो, अशी विभागणी त्यातून रूढ झाली. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारंपरिक वैद्याने ध्वन्यातीत चित्रणाचे उपकरण साहाय्यक म्हणून वापरणे हा गुन्हा नसल्याचे ठरविले व ऑगस्ट २०२३ मध्ये मेंदूच्या विद्युत्‌ आलेखाबाबतही तसाच निर्णय दिला. क्ष-किरणांवर आधारलेली छेदचित्रण यंत्रे या दोन्ही निर्णयांच्या कक्षेबाहेर राहिली.